शाळाभेट

सकाळी ७.४०

चहाला आधण ठेवलं की तालुक्याच्या ग्रुपवर निरोप पडतो. ‘सर्व केंद्रप्रमुख, सोबतच्या लिंकवर आपल्या केंद्रातील एका उच्च प्राथमिक शाळेच्या गुणवत्तेची माहिती आज सायंकाळी ५ पर्यंत भरावी. अत्यंत महत्त्वाचे.’ अत्यंत महत्त्वाचं नसलेलं काही आमच्याकडे येतच नाही.

माझं केंद्र बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात. डझनभर जिल्हा परिषद शाळा, त्यातल्या बहुतेक चौथी-पाचवीपर्यंतच्या. आठवीपर्यंतच्या दोनतीनच. आज जायचं ती त्यातली सगळ्यात लांबची.

शाळेची गुणवत्ता मोजायचे तक्ते मी पुष्कळ भरले. ‘शाळासिद्धी’ आलं तेव्हा ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं होती, प्रत्येक मानकाला तीन पातळ्या. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ आलं तेव्हा भिंती रंगल्या, व्हरांड्यात आगगाडीचे डबे निघाले. मी या तक्त्यांना नावं ठेवत नाही. पाणी आहे का, कुंपण आहे का, हे कुणीतरी विचारायलाच हवं. पण सहावी ते आठवीची गोष्ट वेगळी असते. चौथीपर्यंत पाठांतरावर निभावून जातं. सहावीत अपूर्णांक आणि ऋण संख्या अंगावर येतात आणि आतापर्यंत झाकलेलं सगळं उघडं पडतं. शिवाय याच वयात मूल हाताशी येतं. बारा-तेरा वर्षांचा मुलगा मोळी बांधू शकतो, मुलगी स्वयंपाक करून धाकट्याला सांभाळू शकते. घराला त्याची किंमत कळते. मूल शाळेत बसून राहावं तर शाळेलाही काहीतरी किंमत असावी लागते. माझी तपासणी इथून सुरू होते.

सकाळी ९.३०

भेट न सांगता करायची असं ठरवून निघाले तरी उपयोग होत नाही. फाट्यावरच्या हॉटेलात कुणीतरी स्कूटी पाहतं आणि बातमी माझ्याआधी शाळेत पोचते. म्हणून मी घंटेच्या आधी पोचते. त्या वेळी शाळा जशी असते तशी दिसते.

सहा-सात मुली मैदान झाडत होत्या. मुलगे भिंतीवर बसून ऊन खात होते. एकाला हाक मारून विचारलं, “तुमची पाळी कधी असते?” तो हसला. “आम्ही पाणी आणतो, मॅडम.” पाणी नळाला होतं.

प्रभारी मुख्याध्यापक तालुक्याच्या गावाहून अपडाऊन करतात, ते पावणेदहाला मोटारसायकलवरून उतरले. “या या मॅडम, कळवलं असतं तर…” हे वाक्य प्रत्येक शाळेत होतं. मी कळवलं असतं तर मुलगेही झाडताना दिसले असते.

सकाळी १०.००

परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. माइक दोनच मुलांच्या हातात फिरला. दोघंही गोड आवाजाची, इस्त्रीच्या कपड्यातली. पुढे जाऊ.

सकाळी १०.३०

मी आधी कॅटलॉग मागते, वर्ग नंतर बघते.

सातवीचा पट ३४, हजर २१. मुख्याध्यापक म्हणाले, “गेलेत की मॅडम, कारखान्याला.” डिसेंबरात आमच्याकडे हे उत्तर पुरतं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेतलेली. परत यायचं ते मार्च-एप्रिलात, गाळप संपल्यावर. मुलं मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृह चालतं. आजी-आजोबांकडे झोपायचं आणि दोन वेळचं जेवण तिथं, असं त्याचं गावातलं रूप. जी मुलं आईबापांबरोबर जातात त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे तिकडच्या शाळेनं त्यांना दाखल्याशिवाय बसवून घ्यावं.

मी मुख्याध्यापकांना सोडून वर्गशिक्षिका बाईंना विचारलं. त्यांनी वही न उघडता सांगितलं. आठ जण कारखान्यावर. त्यातल्या पाचांना कार्ड दिलं, तिघांचे आईबाप रात्रीतून गेले, कार्ड द्यायला सापडलेच नाहीत. दोघं कापूस वेचायला. एकाला गालगुंड. “आणि दोघी?” बाई थांबल्या. “दोघींचं माहीत नाही, मॅडम. घरी गेले होते, कुलूप आहे.”

तेरा गैरहजर मुलांपैकी अकरांचा ठावठिकाणा तोंडपाठ, आणि उरलेल्या दोघींबद्दल खोटं नाही. ही गोष्ट मी डायरीत सगळ्यात वर लिहिली. लिंकवर याला रकाना नाही. तिथं ‘हजेरी टक्केवारी’ आहे, ती ६२ येते आणि शाळा तांबड्या रंगात जाते.

‘असर’चे कार्यकर्ते मुलांचं वाचन-गणित घरी जाऊन तपासतात, शाळेत नाही. मला ती पद्धत पहिल्यांदा कळली तेव्हा फार पटली होती. शाळेत तपासलं की त्या दिवशी आलेली मुलं तेवढी मोजली जातात. न आलेल्यांचं अज्ञान शाळेच्या खात्यावर चढतच नाही. सरकारी सर्वेक्षणांचंही तसंच. ४ डिसेंबर २०२४ ला ‘परख’चं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. तिसरी, सहावी, नववी. आमच्या पट्ट्यात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सहावीचे किती बाक रिकामे असतात ते कुठल्याच आलेखात दिसत नाही.

आणि पट फुगवून ठेवायचा मोहही खरा आहे. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयानं सहावी ते आठवीचा पट २० च्या आत आला तर शिक्षकाचं पदच धोक्यात येतं. त्यामुळे गेलेलं मूल कॅटलॉगातून जात नाही. एखाद्या शाळेत जूनपासून न आलेला मुलगाही हजर असतो. अशा वेळी मी तीन आकडे जुळवते: कॅटलॉगातली हजेरी, पोषण आहाराचा रोज वर कळवलेला आकडा, आणि पंगतीत प्रत्यक्ष बसलेली डोकी. तिन्ही एक आले की त्या शाळेच्या बाकीच्या कागदांवर विश्वास ठेवायला हरकत नसते. तो तिसरा आकडा दुपारी.

सकाळी ११.०५

आठवीचं विज्ञान. मुख्याध्यापकच शिकवतात, त्यांचा मूळ विषय समाजशास्त्र. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवा, पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, असं त्यात स्पष्ट आहे. इथं गणित-विज्ञानाचं पद रिकामं आहे. बदली झाली, बदलीवर कोणी आलं नाही.

तास छान चालला होता. निदान बाहेरून ऐकणाऱ्याला तसं वाटलं असतं.

“वनस्पतींच्या पानांत हरित…”

“द्रव्य!”

“आणि त्यामुळे होतं प्रकाश…”

“संश्लेषण!”

अर्धा शब्द सरांचा, अर्धा वर्गाचा. आपल्याकडे शिकवण्याची ही जुनी, मुरलेली पद्धत आहे आणि ती इतकी समाधान देते की शिकवणारा आणि शिकणारा दोघंही तासाच्या शेवटी खूश असतात. मी मागच्या बाकावर बसले होते. शेजारच्या मुलाचे ओठ प्रत्येक वेळी बरोबर हलत होते, आवाज मात्र निघत नव्हता.

सरांची परवानगी घेऊन मी एक प्रश्न विचारला. “रात्री ऊन नसतं. मग रात्री झाड काय करतं?”

वर्ग गप्प. एक मुलगी म्हणाली, “झोपतं.” सगळे हसले. सरही हसले आणि म्हणाले, “बस खाली.” ती बसली, आणि तास संपेपर्यंत पुन्हा काही बोलली नाही. तिचं उत्तर चूक होतं, पण बावीस जणांत विचार करून बोललेली ती एकटी होती. तिला ‘झोपतं म्हणजे काय करायचं थांबवतं?’ एवढं विचारलं असतं तर श्वसनापर्यंत वर्ग पोचला असता. सरांना विज्ञान कमी येतं ही अडचण आहे, पण ती त्यांच्या हातातली नाही. चुकीच्या उत्तराला बसवणं त्यांच्या हातातलं आहे.

सकाळी ११.५०

सातवीचं गणित एक तरुण गुरुजी घेतात. त्यांची नेमणूक चौथीची. त्यांचा चौथीचा वर्ग या तासाला व्हरांड्यात शुद्धलेखन लिहीत बसतो, म्हणजे सातवीला शिक्षक मिळतो तो चौथीच्या वाट्याचा. हेही कुठे मोजलं जात नाही.

फळ्यावर १/२ + १/३. गुरुजींनी एका मुलाला उठवलं. त्यानं झरझर लिहिलं, २/५. वरचे वर, खालचे खाली. मी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक शाळेत हे २/५ भेटतं.

गुरुजींनी ते पुसलं नाही. म्हणाले, “बरं. आता हे २/५ अर्ध्यापेक्षा मोठं की लहान?”

मुलानं वहीत भाकरी काढली, पाच भाग केले, दोन रंगवले. बराच वेळ बघत राहिला. मग मागून एक आवाज आला. “गुरुजी, मिळवलं तर कमी कसं काय झालं?”

इथून पुढे वीस मिनिटं जे चाललं ते मला सगळं लिहिता येणार नाही. कोणी म्हणालं छेद चुकला, कोणी म्हणालं बेरीजच करायची नाही, कोणी दोन भाकऱ्या वेगवेगळ्या आकाराच्या काढून घोळ वाढवला. गुरुजी फक्त “कसं ते सांग” म्हणत फिरत होते. तास संपला तेव्हा ५/६ फळ्यावर आलं होतं, पण ते पाच-सहा मुलांचंच होतं. बाकीचे अजून वाटेत. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबानं हा वर्ग दीड महिना मागे आहे. मी विचारलं तेव्हा गुरुजी थोडे घाबरले. “अभ्यासक्रम पूर्ण करतो मॅडम, पण यांचं पाचवीचंच राहिलंय.”

असरचे अहवाल सांगतात की ग्रामीण भारतात आठवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता येत नाही. ते सगळे वर्ग अभ्यासक्रम पूर्ण झालेले होते. मी गुरुजींना सांगितलं, मागेच राहा. लेखी देत नाही, पण राहा.

दुपारी १२.४०

वह्या. मुख्याध्यापक नेहमी पाच चांगल्या वह्या काढून ठेवतात, मी त्या बाजूला सारून गठ्ठ्याच्या खालून उचलते.

सामाजिक शास्त्राचे स्वाध्याय गाईडमधून उतरवलेले, तेही इतके प्रामाणिकपणे की गाईडमधली छापण्याची चूक बारा वह्यांत सापडली. खाली तांबडी सही, तारीख एकच, म्हणजे महिन्याच्या वह्या एका बैठकीत तपासल्या. हे दृश्य जुनं आहे, त्यावर जास्त बोलत नाही.

भाषेच्या वह्या मात्र वेगळ्या निघाल्या. बाईंनी ‘पावसाळ्यातील एक दिवस’ दिलाच नव्हता. विषय होता ‘मी राहिलेलं घर’. एका मुलीनं कोपीवर लिहिलं होतं. उसाच्या पाचटाचं छप्पर, आत उभं राहता येत नाही, रात्री तीनला आई उठते, गाडी भरायला गेली की बारक्याला हिनं घ्यायचं. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. बाईंनी त्यातल्या तीनच दुरुस्त केल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, ‘कोपीत रात्री उजेड कशाचा असतो?’ पुढच्या पानावर मुलीनं उत्तर लिहिलं होतं, जवळजवळ अर्धं पान.

‘छान’, ‘सुधारणा आवश्यक’, ‘अक्षर सुधारा’ हे शेरे वाचून मूल पुढे एक ओळही लिहीत नाही. इथं प्रश्न आला आणि मुलीनं पान भरलं. मी ती वही बाकीच्या शिक्षकांना दाखवली. मुख्याध्यापक म्हणाले, “पण मॅडम, चुका राहिल्यात की.” बाई काही बोलल्या नाहीत. नंतर चहाच्या वेळी मला म्हणाल्या, “सगळ्या दुरुस्त केल्या असत्या तर वही तांबडी झाली असती. तिनं परत लिहिलंच नसतं.”

दुपारी १.२०

मधली सुट्टी, खिचडी. सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ, पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम. मोठ्यांना कॅलरी ७०० आणि प्रथिनं २० ग्रॅम, हे कागदावरचं माप. मी आधी चव घेतली. हळद बेतशीर, डाळ दिसण्याइतकी होती. भाजी म्हणजे कांदा आणि दोन बटाटे. स्वयंपाकीण मावशी म्हणाल्या, “भाजीचं बिल कव्हा निघतंय, सांगा.” त्यांचं स्वतःचं मानधनही वेळेवर येत नाही, ते त्यांनी सांगितलं नाही, मला माहीत आहे.

पंगतीतली डोकी मोजली. वर कळवलेल्या आकड्यापेक्षा तीन कमी. तिघं कुठे? घरी जाऊन जेवतात, अशी तिघांची नावं मुख्याध्यापकांनी लगेच सांगितली. आकडा सकाळच्या हजेरीवरून जातो, त्यामुळे हे चालतं. कॅटलॉगही जुळला. म्हणजे या शाळेत खोटी मुलं नाहीत.

दुपारी १.५५

मुलींचं स्वच्छतागृह. बाहेर फुलांची चित्रं, दाराला कुलूप. किल्ली कार्यालयात. “घाण होतं मॅडम, म्हणून पाहुणे आले की उघडतो.” दुसरं उघडं होतं, त्याला आतून कडी नव्हती आणि पाण्याची बादली रिकामी.

सातवी-आठवीच्या मुलींना बाजूला घेऊन विचारलं, दिवसभर काय करता? एकमेकींकडे बघून त्या हसल्या. मग एकीनं सांगितलं, “पाणीच पीत नाही, मॅडम.” आणि ‘ते’ दिवस आले की? “येत नाही.” कॅटलॉग पुन्हा उघडून पाहिला. आठवीच्या चार मुलींच्या गैरहजेरीच्या खुणा दर महिन्याला तीन-चार दिवस सलग पडलेल्या होत्या. कडी आणि पाणी, चार हजार रुपयांत होणारं काम. ग्रामपंचायतीचा निधी शाळेच्या प्रवेशद्वाराच्या कमानीवर खर्च झालाय. कमान छान आहे.

दुपारी २.२०

आता कार्यालय. बहुतेक तपासणारे इथूनच सुरुवात करतात आणि इथंच थांबतात.

मी दाखल्यांची फाईल मागितली. शाळा आठवीला संपते. पुढची नववी सहा किलोमीटरवरच्या हायस्कुलात. मागच्या वर्षी आठवी पास झालेलं मूल नववीत गेलं की हायस्कुलातून मागणी येते आणि दाखला जातो. जे कुठेच गेलं नाही त्याचा दाखला इथंच पडून राहतो. निकाल १०० टक्के लावणं कोणत्याही शाळेला जमतं. ही फाईल सजवायचं मात्र अजून कुणाला सुचलेलं नाही.

न नेलेले दाखले पाच निघाले. एक मुलगा, चार मुली.

मुलगा पुण्याकडे कामाला गेलाय. मुलींपैकी एक मामाच्या गावी शिकते आहे असं ऐकिवात. दुसरी कोयत्यावर. उरलेल्या दोघींबद्दल मुख्याध्यापक खिडकीकडे बघत म्हणाले, “झालं त्यांचं, मॅडम.” झालं म्हणजे लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ च्या, बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. कोयत्याला जोडी लागते. मुलीला एकटीला मागे ठेवायची आईबापांना भीती वाटते. आठवीनंतरचा सहा किलोमीटरचा रस्ताही त्या भीतीत येतो. मानव विकास कार्यक्रमातून आठवीपासूनच्या मुलींना सायकली मिळतात, एसटीचा पासही मोफत आहे. पण या फाट्यावर एसटी सकाळी सातला येते आणि हायस्कूल भरतं दहाला.

“तुम्ही गेला होतात त्यांच्या घरी?”

“लग्नाचं कळलं तेव्हा होऊन गेलं होतं.”

“मेच्या आत जायचं होतं, सर.”

“मेमध्ये मी बीएलओच्या कामावर होतो.”

यावर काय बोलणार? शिक्षण हक्क कायद्यात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नये असं आहे, आणि मतदारयाद्या निवडणुकीत मोडतात. सहावी ते आठवीला वर्षाचे किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन हवं, असंही त्याच कायद्यात आहे. दिवस भरलेले दाखवता येतात. घरी जाऊन एका बापाशी बोलायची एक संध्याकाळ मात्र कुणाच्याच वेळापत्रकात नसते.

आठवीच्या सध्याच्या वर्गात अकरा मुली आहेत. त्यांची यादी मी मागितली.

दुपारी ३.१५

शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. अध्यक्ष महिलाच आहेत, बैठकीला त्यांचे यजमान आले आणि सही करायला त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं. मी ते परत ओढलं. ताईंना घरून बोलावून घ्यायला दहा मिनिटं लागली.

पालकांच्या गुणवत्तेच्या कल्पना ऐकण्यासारख्या असतात. यजमानांचं म्हणणं, शेजारच्या गावच्या इंग्रजी शाळेची गाडी येते, मुलांना टाय असतो, आपणही टाय ठेवू. दुसऱ्याचं, शिष्यवृत्तीत किती बसले ते सांगा. तो मुद्दा बरोबर होता. आठवीची एनएमएमएस परीक्षा पास झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. एवढ्या पैशात एखाद्या मुलीचं वर्ष वाचतं.

कोपऱ्यात एक आजी बसल्या होत्या. मुलगा-सून कारखान्यावर, नातू सातवीत. त्यांना विचारलं, “तुमच्या मते शाळा चांगली कधी म्हणायची?”

“मला काय कळतंय बाई शाळंतलं. पर मुकादमानं उचल किती लिहिली न फिटली किती, तेवढं पोराला वाचता आलं पायजे. त्याच्या बापाला न्हाई आलं. तीच उचल फेडत बसलाय.”

तक्त्यांतल्या सगळ्या मानकांत इतकं नेमकं मानक मी वाचलेलं नाही. नातवाला बोलावलं. तो सकाळचा २/५ वाला निघाला. मी विचारलं, “टनाला ३६६ रुपये धर. दिवसात पावणेदोन टन तोडला. किती झाले?”

त्यानं कागद मागितला नाही. “दोन टनाचे सातशे बत्तीस. त्यातनं पाव टनाचे साडेएक्याण्णव काढायचे.” थोडं थांबला. “सहाशे साडेचाळीस.”

तरुण गुरुजी दारात उभे होते. माझ्याआधी त्यांच्या लक्षात आलं असावं. या मुलाला अपूर्णांक येतात. त्याला छेद आणि अंश येत नाहीत, कारण पाव आणि पाऊण म्हणजे तेच, असं शाळेनं त्याला कधी सांगितलं नाही. उद्याचा तास इथून सुरू करतो, असं ते म्हणाले. आजी नातवाकडे बघून म्हणाल्या, “कागद वाचता येतो का ते इचारा.” तो यायचा आहे अजून. हिशेब तोंडी येतो, मुकादमाची वही मात्र लिहिलेली असते.

दुपारी ४.२०

शेरेबुक. मुख्याध्यापक समोर बसलेले.

मी लिहिलं: सातवीच्या वर्गशिक्षिका बाईंना गैरहजर मुलांची प्रत्यक्ष माहिती आहे, इतर वर्गांनीही तशीच यादी ठेवावी. भाषेच्या वह्यांची तपासणी इतर शिक्षकांनी पाहावी. मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप आजपासून काढावं, दुसऱ्याला कडी बसवावी. मैदान झाडण्याच्या पाळ्या मुलगे-मुली मिळून. विज्ञानाच्या तासाला मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. आठवीच्या अकरा मुलींच्या घरी एप्रिलच्या आत मुख्याध्यापक आणि अध्यक्ष ताईंनी जावं, नववीच्या प्रवेशाचं बोलावं, प्रत्येकीपुढे काय ठरलं ते लिहावं. गणित-विज्ञान पदासाठी माझा स्वतंत्र प्रस्ताव.

“मॅडम, कुलपाचं तेवढं लिहू नका. उद्यापासून काढतो.”

“मग उद्यापासून काढलंत हे पुढच्या भेटीत लिहीन.”

“आणि विज्ञानाचं…”

“ते सुद्धा.”

माणूस वाईट नाही. दोन वर्ग आणि कार्यालय एकट्यानं ओढतो, मुलांना मारत नाही, पटात खोटं करत नाही. माझ्या केंद्रात याहून चकचकीत शाळा आहेत ज्यांच्यात मी माझं मूल घालणार नाही. इथं सातवीत घालीन. आठवीत, विज्ञानाचा शिक्षक येईपर्यंत, नाही.

लिंक कार्यालयातच बसून भरली. इमारत, रंगरंगोटी, कुंपण, डिजिटल वर्ग: होय, होय, होय, होय. हजेरी ६२. श्रेणी आपोआप ‘क’ आली. शेवटी ‘इतर’ नावाचा छोटा रकाना होता. त्यात न नेलेल्या पाच दाखल्यांचं लिहिलं. अक्षरमर्यादा संपल्यानं लग्नाचा भाग बसला नाही, तो मी गटशिक्षणाधिकाऱ्यांना वेगळ्या पत्रानं कळवते.

सायंकाळी ६.४५

घरी आल्यावर बाईंनी दिलेल्या पाच नावांची यादी काढली, शिक्षण हमी कार्ड घेऊन गेलेल्यांची. कार्ड दिलं की इकडचं काम संपतं असं सगळे धरून चालतात. कारखाना पश्चिम महाराष्ट्रातला. त्याच्या जवळच्या शाळेतल्या एका शिक्षकांचा नंबर माझ्याकडे आहे.

“तीन मुलं बसतात वर्गात, मॅडम. चौथा कधी येतो, कधी नाही. मुलगी मात्र आली नाही. कोपीवर असते, धाकटा भाऊ आहे तिचा, वर्षाचा.”

“भावाला घेऊन बसली तर चालेल का?”

ते घुटमळले. “वर्ग मोठा आहे, मॅडम. आमचे मुख्याध्यापक काय म्हणतील…”

“अंगणवाडी आहे ना शेजारी?”

“आहे. पण वर्षाच्या बाळाला घेत नाहीत.”

“मदतनीस ताईंना विचारून बघा. चार तास तरी. मुलगी चांगली लिहिते, कोपीवर लिहिलेली तिची वही पाठवते मी तुम्हाला फोटो काढून.”

त्यांनी टोळीच्या मुकादमाचं नाव विचारलं, मी बाईंना फोन लावून ते मिळवलं आणि पुढे कळवलं. कार्ड न घेता गेलेल्या तिघांचा पत्ता त्याच मुकादमाकडे लागेल असं बाईंना वाटतं. त्या दोघी, घराला कुलूप असलेल्या, त्यांची नावंही मी सोबत पाठवली. उद्या परिपाठाच्या आधी परत फोन करायचा आहे.